आधीच्या आईनं काढलेले फोटो

वुथी, माझा नवरा, कोरियात कामाला गेला तेव्हा पिसेत माझ्या पोटात होता. आपला मुलगा त्यानं अजून हातातही घेतलेला नव्हता. म्हणून रोज दुपारी मी मुलांचे फोटो काढायचे आणि दिवसाअखेर सगळे, न बघताच, त्याला पाठवून द्यायचे. खास असं काही नसायचं त्यात. थोरली लेआकेना भातातला मासा हळूच ताटलीबाहेर सरकवतेय. पिसेत झोळीत पाय वर करून अंगठा चोखतोय. वुथीला तेच हवं असायचं. "नटवून उभं करू नकोस त्यांना," तो म्हणायचा. "मी तिथे असतो तर जे दिसलं असतं, ते पाठव."

कंबोडियातल्या खेड्यातलं आमचं घर उंच खांबांवर आहे. खाली सावलीत माझ्या आईचा रेशमाचा माग आणि त्याच्या शेजारी पिसेतची झोळी. दुपारी ऊन इतकं पांढरं होतं की समोरची भातशेतं विरघळल्यासारखी वाटतात. मागाची खटखट ऐकत सगळं गाव झोपेच्या काठावर बसून असतं. फोटोला तो उजेड फार सुरेख. अडचण एकच होती. झोळीच्या दोरापाशी आईनं केळीच्या सोपटांचा एक छोटासा देव्हारा उभा केला होता. त्यात उदबत्ती, केळी, एक फणी आणि पावडरचा डबा. आधीच्या आईसाठी.

आमच्याकडे असं मानतात की प्रत्येक मूल मागल्या जन्मीच्या आईला सोडून आलेलं असतं. ती त्याला विसरत नाही. बाळ झोपेत हसतं, ते तिच्याशी. तिला मान द्यावा, नटायचं सामान द्यावं, म्हणजे ती लांबूनच बघते. नाही दिला तर परत न्यायला येते. बाळाचं कौतुकही मोठ्यानं करायचं नाही. माझी आई पिसेतला 'बेडक्या' म्हणायची. "कसलं हे ध्यान! फुकट दिलं तरी कोणी नेणार नाही!"

माझं डोकं उठायचं. मी नॉम पेनच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, शाळेत तेच शिकवणारी.

"आई, फोटो काढायला गेलं की तुझी ती फणी मध्ये येते. किती बावळट दिसतं!"

"दिसू दे. तिला कळू दे, आपण तिला विसरलो नाही."

"कोणाला? नाव सांग, पत्ता सांग. निमंत्रणच धाडते."

"जीभ बघा हिची!" आई मागावरची नजर न हलवता म्हणाली. "कॉलेजात धार लावून देतात का गं?"

एके दिवशी ती काही दिवसांसाठी विहारात राहायला गेली आणि मी तो देव्हारा उचलून मागच्या खड्ड्यात टाकला. मग पिसेतला म्हटलं, मुद्दाम मोठ्यानं, "किती देखणा आहे माझा राजा!" आणि फोटो काढला. छान आला. फक्त तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याच्या जरा वर बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी वुथीचा फोन आला. "पिसेत बसायला लागला? आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

पिसेत बसत नव्हता. अजून मानही डुगडुगायची त्याची. मी फोनमध्ये पाहिलं. आमच्या घराच्या पायरीवर तो ताठ बसला होता, तोंडभर हसत. फोटो हललेला नव्हता, तिरका नव्हता. समोर उकिडवं बसून, सवडीनं काढलेला. माझ्यापेक्षा चांगला.

"लेआकेना, तू काढलास का हा?"

"तू हात तरी लावू देतेस का फोनला!"

काही दिवसांनी फोनमध्ये उमटलेल्या पुढच्या फोटोत तो ताडाच्या खोडाला धरून उभा होता. त्याच्या पुढच्यात शेताच्या बांधावर चालत होता. केस कानापर्यंत वाढलेले, पोटऱ्या भरलेल्या. प्रत्येक फोटोत घर थोडं लांब गेलेलं. मी न पाठवताही ते वुथीकडे पोचायचे. "किती भराभर वाढतोय गं!" तो खुशीत म्हणायचा. त्याला काय सांगणार होते मी...

कारण इथे, झोळीत, पिसेत झोपून असायचा. दूध ओठांच्या कडेनं ओघळून जायचं. झोळीचा झोल दिवसेंदिवस कमी होत चालला होता, जणू आत कोणी नव्हतंच. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ताप नाही, काही नाही, उन्हाळ्यानं असेल. मी घरी येऊन पुन्हा ते फोटो बघत बसायचे. खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी पोटात जळलं. माझ्याकडे बघून तो असा कधीच हसला नव्हता.

शेवटचा फोटो शेतांच्या पलीकडचा होता, तळ्याच्या काठाचा. एक होडी. पिसेतचा एक पाय होडीत, एक काठावर. मागे वळून, फोटो काढणारीकडे हात पुढे केलेला.

आई विहारातून परतून मागावर बसली, तोच मी तो तिला दाखवला. माग थांबला.

"फणी कुठे आहे?"

"टाकली."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. उठून केळीची सोपटं काढायला गेली. जाताना म्हणाली, "माफी माग तिची."

"मी का मागू? मी जन्म दिलाय त्याला!"

"मग तेच सांग. तू आई आहेस ना? तीही आहे."

तिनं नवा देव्हारा केला आणि स्वतःच्या अंबाड्यातली फणी काढून त्यात ठेवली. मग लेआकेनाला घेऊन वर गेली. मी झोळीपाशी एकटी बसले. ऊन तसंच पांढरं. वारा नव्हता. तरी झोळी हलत होती... हळू, एका लयीत, पलीकडून कोणी दोर धरून बसल्यासारखी. आणि पावडरचा वास यायला लागला.

"ताई..." मी म्हणाले. "तुम्ही फोटो छान काढता."

झोळी हलत राहिली.

"तो तुमच्याकडे बघून जास्त हसतो. बघितलं मी... पण त्याच्या बापानं त्याला अजून उचलून घेतलेलं नाही. आणि मी... मला त्याचं रडणंसुद्धा पुरतं. फोटो तुम्ही ठेवा, ताई. माझे, तुमचे, सगळे. पोरगा मला द्या."

मी फोन देव्हाऱ्यात ठेवला. झोळी थांबली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग आत पिसेतनं टाहो फोडला, भुकेला, संतापलेला, आणि झोळी त्याच्या वजनानं खाली आली.

फोनमध्ये त्याचा एकही फोटो उरला नव्हता. वुथीकडेही नाही. त्यानंतर मी काढलाही नाही. "शब्दांत सांगते," म्हणते मी त्याला, आणि तो रुसतो.

पिसेत आता गुटगुटीत आहे. सगळं खातो. माझी आई म्हणते, झालं ते झालं, विषय काढू नकोस. म्हाताऱ्या माणसांना विषय बंद करायची फार घाई असते. म्हणून परवाचं तुम्हाला सांगते.

परवा पिसेत चालला. आधी रांगला नाही, धरून उभा राहिला नाही. चटईवरून उठला आणि अंगण ओलांडून सरळ माझ्याकडे आला. त्या फोटोतल्यासारखा, एकदाही न डगमगता. मी हात पसरले. तो माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबला. दोन्ही हात जोडून त्यानं कपाळाला लावले आणि मान लववली. अनोळखी घरी गेल्यावर तिथल्या बाईला आम्ही करतो, अगदी तसा नमस्कार.

"अय्या! आई, तू काय पाहुणी आहेस?" लेआकेना हसत सुटली.

"कोणी शिकवलं गं त्याला?"

"मी नाही बाई."

पिसेत हसला नाही. हात जोडून, नजर खाली ठेवून, मी 'आत ये' म्हणेपर्यंत तो अंगणात तसाच उभा राहिला.