हेमलताबाईंचा हात

तिसरा माउस लावला, तरी पडद्यावर तेच: माउस सापडला नाही.

हेमलता चौगुले यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान अर्धवट शुद्धीत पडले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साकळलं होतं. सर्जन हातमोजे चढवून तयार होते, अडलं होतं ते बायकोच्या संमतीपाशी. संमती नसेल तर निर्णयासाठी इस्पितळाची समिती बसणार होती, पण ती उद्या सकाळी, आणि उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

सहीचे दिवस केव्हाच संपले होते. यंत्रं माणसाची सही, आवाज, चेहरा हुबेहूब करू लागली, तेव्हा शेवटी एकच खूण उरली. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला आठ-दहा वेळा तो इतका बारीक थरथरतो की डोळ्याला दिसतसुद्धा नाही, आणि ही थरथर प्रत्येकाची निराळी. तिला म्हणत कंपठसा. माउस तो टिपे, आणि सरकारी यंत्रं चालवणारं लिनक्स तो पडताळून मगच माउसला आत घेई. होय-नाही जे काय म्हणायचं, ते माणसाने स्वतःच्या हाताने म्हणायचं.

"अहो, तुमचं यंत्रच बिघडलंय," बाई म्हणाल्या.

डॉ. रेवणसिद्ध बिराजदार यंत्रावर वाकले. हातांच्या कंपनांवर त्यांनी आयुष्य घालवलं होतं, कंपठशाचा नियमही त्यांनीच लिहिला होता. त्यांनी पोर्ट बदलून पाहिलं, यंत्र बंद करून परत चालू केलं. मग पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून जोडलेल्या उपकरणांची यादी मागवली. यादीत माउस होता. खालचा लाल दिवाही लागत होता.

"तार ठीक, माउस ठीक. लिनक्सला तो दिसतोय, बाई. पण ते ओळख दाखवत नाही. मुद्दाम 'सापडला नाही' म्हणतं, चोर सावध होऊ नये म्हणून."

"कुठला चोर?"

"तुमच्या खात्यावर दुसऱ्याचा हात पडतोय, असं त्याचं म्हणणं आहे."

"दुसऱ्याचा? अहो, पासष्ट वर्षं हा हात माझाच आहे!"

"ठसा देताना तुम्हीच बसला होता ना?"

सोसायटीच्या हॉलमधलं ठसे घेण्याचं शिबिर बाईंना आठवलं. तासभर एका ठिपक्यामागे माउस फिरवत बसायचं होतं, आणि घरी तर चकल्यांचा घाणा चालू. 'तू कशाला त्या उंदराच्या नादी लागतेस? तुझंही मीच उरकतो,' असं हे म्हणाले होते. वीज बिलापासून मतदानापर्यंत दोघांचं सगळं तेच उरकत. बाईंनाही ते बरंच वाटे. त्यांनी ते सगळं बिराजदारांना सांगून टाकलं.

"पण दोघांचा ठसा एकच आला असता, तर तेव्हाच पकडले गेले असते," बिराजदार म्हणाले.

"माझं काम असलं की हे माउस डावीकडे घेत," बाई हळूच म्हणाल्या. "मी चिडवायचे, आज डावखुरे झालात का म्हणून."

बिराजदारांनी चष्मा काढून डोळे चोळले. डाव्या हाताची थरथर वेगळी असते. कायद्याच्या लेखी हेमलता चौगुले म्हणजे तो डावा हात होता.

त्यांनी यंत्राचं टेबल ढकलत शेजारच्या खोलीत नेलं. चौगुल्यांचा उजवा हात लोळागोळा होऊन पडला होता. डावा चादर चाचपत होता.

"एक ऐका," बिराजदार कुजबुजले. "हा हात हलतोय तोवर आधी तुमची नवी नोंद करून घ्या. जुन्या हाताशिवाय ती उघडत नाही. चाळीस मिनिटं लागतील."

"आणि ह्यांना चाळीस मिनिटं आहेत?"

बिराजदारांनी मान हलवली. "नाहीत. पण हे परत आले नाहीत, तर पेन्शन, घर, मत, तुमचं काहीच तुम्हाला उघडता येणार नाही. यंत्राच्या लेखी तुम्हीही गेलात."

"हा नियम लिहिताना तुमच्या घरी बायको नव्हती का हो?" बाई कडाडल्या. राग त्यांना बिराजदारांचा आला, ह्यांचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मग त्यांनी माउस उचलून नवऱ्याच्या डाव्या पंजाखाली सरकवला.

"वरून धरू नका, तुमची थरथर मिसळेल. मनगटाखाली आधार द्या."

पडद्यावर बाण उमटला. 'नमस्कार, हेमलता.' बाईंनी मनगट हळूहळू 'होय'पर्यंत नेलं आणि ह्यांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, दाबा."

बोट दाबलं गेलं. ते ऐकून, की नुसतंच आचक्याने, हे बिराजदारांनाही सांगता आलं नसतं. पडद्यावर अक्षरं आली: हेमलता चौगुले यांनी स्वतःच्या हाताने संमती दिली आहे.

स्ट्रेचर आत गेलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. तेवढ्यात परिचारिका माउस जोडलेलं छोटं यंत्र घेऊन आली.

"पेशंटसोबत कोण आहे? पास काढायचाय, जरा हात ठेवा."

हेमलताबाईंनी सवयीने हात पुढे केला, आणि माउसला टेकायच्या आत मागे घेतला.

"थोडं थांबाल?" त्या म्हणाल्या. "माझा हात आत नेलाय."