पहिला घोट

टिंग...

स्टीलच्या वाटीवर नख आपटावं, इतकासाच आवाज. भर दुपारी. स्वयंपाकघरातून.

प्रणितानं मांडीवरच्या शर्वरीकडं पाहिलं. चार वर्षांचं लेकरू गाढ झोपलेलं. सासूबाई बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या. नवरा, भिकन, कंपनीत.

मग वाटी हलवली कुणी?

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, या प्रणिताच्याच घरात. वाळूजला, गेल्या माघात.

सुरुवात झाली एका रविवारी.

लग्नानंतर पहिल्यांदाच ते नुसतं मजेसाठी बाहेर पडले होते. वैजापूरच्या रस्त्याला द्राक्षाचा मळा आहे, तिथंच वाइन करतात, चाखायला देतात, असं भिकनला कुणीतरी सांगितलेलं. सासूबाईंना, बानाबाईंना, चला म्हटलं.

"दारूच्या मळ्यात म्हातारीचं काय काम? पोरीला ऊन लागू देऊ नका, म्हंजी झालं."

मळ्यात लिंबाच्या गार सावलीत टेबल मांडलेलं. वाइन देणाऱ्या बाईनं शिकवलं, आधी वास घ्या, मग तोंडात घोळवा.

भिकननं वास घेतला. "आमच्या मेंढ्यांनी तोंड फिरवलं असतं."

"मेंढ्यांना कुणी बुकिंग करून बोलावलं नव्हतं," प्रणिता म्हणाली.

किती दिवसांनी दोघं असे हसले.

मग त्यानं ग्लास जरा वाकडा केला. पहिला घोट भुईला. चहा असो, ताक असो, रानात बसलं की आधी भुईला द्यायचं, मग आपण. आईनं लावलेली सवय. झाडाच्या बुंध्याशी वीतभर दगड उभा होता. लाल धार त्याच्यावरून ओघळली.

आणि...

कोकरू ओरडावं तसं काहीतरी. बारीक. एकदाच.

"जवळपास कळप असंल," भिकन म्हणाला.

लांबवर नुसते द्राक्षांचे वेल. तारेचं कुंपण. एक मेंढी नव्हती.

शर्वरी टेबलाखाली वाकून बघत होती.

"बाळ रडतंय," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी बानाबाई भाकरी थापत होत्या. भिकन मळ्याचं कौतुक सांगत होता. टेकडी. टेकडीखालची जुनी बारव. बारवेजवळचा लिंब...

बानाबाईंचा हात परातीतच थांबला.

"लिंबाखाली दगड हाय का अजून?"

"हाय की. पहिला घोट त्यालाच दिला. तुझीच शिकवण."

"कशाचा घोट?"

तव्यावरची भाकरी करपली.

"तुझी थोरली भईन हाय तिथं," बानाबाई म्हणाल्या. "तान्ही व्हती. मेंढरं घिऊन चाललो व्हतो, वाटंतच गेली. लेकराला जाळत नाय, पुरत्यात. खूण म्हणून दगड उभा केला. दर साली कळप तिथून फिरला की दगडावर दूध घालायचे मी. मग कुंपण पडलं. गेटावरचा म्हणला, तिकीट काढ. दुधाची किटली घिऊन म्हातारी तिकीट काढंल व्हय?"

आधीचं मूल गेलं म्हणून देवाकडं भीक मागून घेतलेला, म्हणून आपण भिकन, एवढंच त्याला ठाऊक होतं. या नावाची त्याला जन्मभर लाज वाटली. ती कुठं निजलीय, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"इतक्या सालांनी भाऊ आला," त्या म्हणाल्या. आवाजही चढला नाही. "आन् तान्ह्या लेकराच्या तोंडात दारू घातली."

पुढच्या रविवारी ते दूध घेऊन गेले. तिकीट काढून.

लिंब होता.

दगड नव्हता.

"टेबल डुगडुगत होतं ना, म्हणून काढला," वाइन देणारी बाई म्हणाली. "खडीत गेला असेल कुठंतरी. का हो, काय होतं त्यात?"

बुंध्याभोवती ताजं सिमेंट. भिकननं त्याच्यावरच किटली रिती केली. दूध मुरलं नाही. पसरलं... आणि हळूहळू परत त्याच्याच पायांकडं आलं.

त्या दिवसापासून बानाबाई ओट्यावर दुधाची वाटी ठेवतात. "माझ्याबिगर तिला हाय कोण?" म्हणतात.

टिंग...

पुन्हा.

प्रणितानं शर्वरीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं. स्वयंपाकघरात गेली.

वाटीतलं दूध जराही कमी झालं नव्हतं. पण फाटलेलं. काठाला जांभळी रेघ. आणि आंबूस वास... तोच, मळ्यातल्या वाइनचा.

मागं पाऊल वाजलं.

शर्वरी दारात उभी. जागी कधी झाली?

"आई, तिला दूध नकोय."

"कुणाला गं, बाळा?"

शर्वरीनं फ्रिज आणि भिंतीमधल्या अंधाऱ्या फटीत पाहिलं. कुणाचं तरी ऐकावं तशी मान हलवली. मग आईचा पदर धरला.

"ती विचारतीय... आता मी कुठं झोपू?"