दोन, एक, सी, सी

नालासोपारा पश्चिमेला छपाईचं एक छोटं दुकान आहे. संजनानं सकाळी शटर वर केलं, तोच एक तरुण नव्वद प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून आत शिरला.

"जरा टेबल मिळेल? आणि काळं पेन?"

कोपऱ्यात बसून तो एकेका पानावर काहीतरी काढू लागला. संजना डोकावली. रसायनशास्त्राची चाचणी. समीकरणांत बाण हवे तिथे रिकामे चौकोन छापले होते आणि त्यावर तो हातानं बाण काढत होता... एक अर्धा बाण उजवीकडे, त्याच्याखाली एक डावीकडे.

"सर, नव्वद पानांवर?"

"प्रत्येकावर सात," तो कसनुसा हसला. "काल इथूनच छापून नेले. घरच्या कॉम्प्युटरवर तर बाण नीट दिसत होते! अकराला पेपर आहे."

"पेनड्राइव्ह द्या."

तिनं फाईल उघडली. "बाण हरवले नाहीत हो. प्रत्येक चिन्हाला एक नंबर असतो, जगभर तोच. तुमच्या बाणाचा नंबर फाईलमध्ये शाबूत आहे. आमच्या फॉन्टकडे त्याचं चित्र नाही, म्हणून चौकोन." तिनं फॉन्ट बदलला. सातही बाण हजर! नव्वद प्रती पुन्हा छपाईला लागल्या.

"आणि नवा टाकायचा असेल तर..." तिनं वर्डमध्ये 21CC टाइप केलं, ऑल्ट दाबून एक्स दाबलं. अक्षरं गेली, तिथे ⇌ उमटला.

तो घड्याळ विसरून तिच्या बोटांकडे पाहत राहिला. "पुन्हा करा ना!"

तिनं पुन्हा केलं. त्यानं नंबर तळहातावर लिहून घेतला.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. लोक काय काय कागद घेऊन येतात, मी शोधत बसते."

"कमाल आहे," तो म्हणाला. अगदी मनापासून. गास गावाहून रोज सायकलनं येणाऱ्या संजनाला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

त्याचं नाव कौस्तुभ. मनवेलपाड्याला राहायचा, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचा. मग तो येतच राहिला. कधी वायूसाठी वर जाणारा बाण हवा, कधी तळाशी बसणाऱ्या साक्यासाठी खाली जाणारा.

"सर, वर जाणारा काल शिकवला होता."

"विसरलो."

"तळहातावर अजून दिसतोय की!"

तो कानापर्यंत लाल झाला. संजनाला हसू आवरेना... आणि मग भीतीही वाटली. त्याला खरं कळलं तर?

एकदा तिनंच सांगून टाकलं, स्क्रीनवरची नजर न काढता. "बारावीला मी नापास झाले, सर. केमिस्ट्रीतच. नंतर शिकलेच नाही."

कौस्तुभ कागद उचलून निघून गेला. पुढचे आठ दिवस फिरकलाच नाही. दुकानाच्या दारात सावली पडली की संजना मान वर करायची, आणि गिऱ्हाईक बघून पुन्हा खाली.

नवव्या दिवशी तो आला. छत्री मिटायचंही भान नव्हतं.

"रागावलात?"

"मी कोण रागावणार?"

"मला लाज वाटत होती," तो म्हणाला. "नापास झालेल्या मुलांना मी वर्गात काय काय बोललोय, ते आठवत बसलो होतो. तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं." त्यानं आता कुठे छत्री मिटली. "प्राचार्यांशी बोललोय. आम्हा शिक्षकांना ही चिन्हं टाइप करायला शिकवाल? शनिवारी?"

शनिवारी बारा शिक्षक वह्या उघडून संजनासमोर बसले. पहिली पाच मिनिटं ती स्क्रीनकडेच बघून बोलली, नंतर त्यांच्याकडे. केमिस्ट्रीच्या जुन्या मॅडम स्वतः उठून म्हणाल्या, "बाई, ते परत दाखवा हं." मागच्या बाकावर कौस्तुभ असा हसत होता, जणू त्याचाच सत्कार चाललाय.

तो तिला महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत सोडायला आला.

"आता कुठला बाण राहिलाय?" तिनं विचारलं.

"बाण नाही..." तो फाटकाशी थांबला. "तुम्ही मला फार आवडता, संजना. तुमच्या घरी यायचंय. बाबांना भेटायला."

तिनं सायकल स्टँडवरून काढली.

"उद्या आमच्याकडे भाताची लावणी आहे," ती म्हणाली. "बाबा बांधावर उभ्या माणसाशी बोलत नाहीत. चिखलात उतरावं लागेल."

"उतरेन."

"रोपं वाकडी लागली तर हसतील सगळे."

"हसू देत. तुम्ही?"

"मी तर सगळ्यात आधी हसेन," संजना म्हणाली, "आणि मग शेजारी येऊन शिकवेन. सकाळी सातला ये. उशीर करू नकोस."