चौथा ठोका

जेवणं उरकून भाचरं गच्चीवर जमली, तसा मामांनी दिवा मालवला. "हसायचं तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या सख्ख्या साडूचं झालंय. डिसेंबरातला दुसरा रविवार, रात्रीचे अकरा."

साडू मेकॅनिक. घरामागंच गॅरेज. त्या रात्री लेकीची गाडी उघडून बसला होता. कितीतरी खेटे घालून पोरीला नोकरी लागली होती, परगावी. सकाळी हजर नाही झाली, तर जागा दुसऱ्याची.

गाडी मात्र धापा टाकत होती. धड, धड, धड... आणि चौथ्याला खड्डा. स्कॅनरवर कोड आला: तिसऱ्या सिलिंडरला ठिणगीच नाही. साडूनं ठिणगी पाडणारी तिसऱ्याची कॉइल पहिल्याला बसवली, पहिल्याची तिसऱ्याला. पुन्हा कोड वाचला. दोष पहिल्यावर गेला.

"बघ, दोष कॉइलबरोबर हिंडतोय. कॉइलच गेलीय."

"मग नवी टाका ना, बाबा!"

"आत्ता दुकान कोण उघडणार, तुझा होणारा सासरा?"

मागच्या अंगणात तसलीच एक चेपलेली गाडी पडून होती. चालवणारा तिच्यातच गेला होता, स्टिअरिंगवर छाती फुटून. साडूनं उठून तिची कॉइल काढून आणली.

"शी! मेलेल्या माणसाची?"

"माणूस मेलाय. कॉइल धडधाकट आहे. तुला जायचंय की नाही?"

जुनी कॉइल खिशात गेली, ही बसली. कोड पुसला. इंजिन असं गुळगुळीत चालू लागलं, की पोरीनं बापाच्या पाठीत थाप मारली. एक फेरी मारून बघू म्हणून दोघं निघाली. लेकच चालवत होती.

पुलापर्यंत बडबडत होती. मग गप्प झाली.

"काय गं?"

"बाबा... छातीत..."

गाडी थांबली. त्यानं तिचं मनगट धरलं. धड. धड. धड.

खड्डा.

पुन्हा तीन. पुन्हा खड्डा. इंजिन मात्र झक्क चाललेलं.

"मामा, पुरे ना," धाकटी भाची म्हणाली. मामांनी ऐकलं नाही.

साडूनं बॉनेट उघडलं. हात भाजत कॉइल उपटली, खिशातली जुनी बसवली. मनगट धरलं. तीन... खड्डा. दोष कॉइलबरोबर निघाला नव्हता. पोरीत राहिला होता.

तिचे ओठ निळे. दवाखाना लांब. गॅरेज जवळ.

धापा टाकणारी गाडी त्यानं तशीच पिटाळली. अंधारात चाचपडत कॉइल चेपलेल्या गाडीत परत बसवली. बोल्ट आवळला. हात जोडले.

"घे, बाबा. तुझं तुला."

...

"बाबा," मागून पोर म्हणाली. "आला. चौथा आला."

डॉक्टरांनी पहाटे तपासलं. काही नाही म्हणाले. दुकान उघडताच नवी कॉइल टाकली, आणि पोर थोडी उशिरानं का होईना, त्याच सकाळी रुजू झाली.

आठवड्यानं भंगारवाला क्रेन घेऊन आला. साखळी ताणली. चेपलेली गाडी जमिनीवरून वीतभर उचलली, तोच साडूचा फोन वाजला. लेकीचा.

"बाबा..." पुढं नुसता श्वास. तीन... आणि...

"ठेव!" साडू किंचाळला. "खाली ठेव, मेल्या, खाली ठेव!"

मामा थांबले.

"गाडी अजून तिथंच आहे. बॅटरी नाही. टाकीत थेंब नाही. पहाटे अंगणातल्या सगळ्या गाड्या दवानं भिजलेल्या असतात. तिचं बॉनेट कोरडं. मी स्वतः हात ठेवलाय, पोरांनो..."

"आणि?"

"कोमट होतं."