टिन हार्बर फुटला तेव्हा

मस्कतच्या रुवी भागातल्या एका दुकानात मी ‘टिन हार्बर’ बँडची उरलेली शेवटची कॅसेट उचलायला गेले, तर पलीकडून कुणाचा तरी हात आधीच तिच्यावर... हा शेरविन. माझ्यासारखाच वसईचा, सोहारच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मी सोडेना, तोही सोडेना. शेवटी ठरलं, एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात अदलाबदल करायची. कॉपी करून घेता आली असती, पण ते म्हणे दोघांनाही सुचलं नाही.

तीन अमेरिकन पोरांचा तो बँड. पहिलंच गाणं असं गाजलं, की आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर जमालसुद्धा ते गुणगुणायचा. दुसरी कॅसेट येणार, येणार म्हणता म्हणता गायक आणि ड्रमर भांडले. पावणेदोन वर्षांत खलास! बातमी शेरविननेच आणली. मला काळजी लागली... बँडसाठी नाही हो. आता हा दोनशे किलोमीटर बसने येईल कशाला?

आणि खरंच, पुढचे दोन शुक्रवार तो आलाच नाही. जेवण जाईना. तिसऱ्या शुक्रवारी मी नेहमीसारखी चर्चच्या ऑफिसात फादरची पत्रं टाईप करायला बसले, तर सगळ्यात वर शेरविनचा अर्ज. गावी लग्न करायचं तर ‘हा अविवाहित आहे’ असं पत्र इथल्या चर्चकडून न्यावं लागतं. तेच मागितलं होतं. लग्न मे महिन्यात, वसईला. वधूच्या नावाची जागा – कोरी.

टाईप करताना इतक्या चुका झाल्या, की तीन कागद फुकट गेले. तेवढ्यात हा दारात उभा.

“नाव राहिलंय,” मी त्याच्याकडे न बघता म्हणाले. “कुणाचं घालू?”

“आईने तीन मुली बघून ठेवल्यात.”

संपलंच सगळं, असं वाटलं मला.

“मी आईला कळवलंय, मस्कतला एक आहे म्हणून,” तो अडखळला. “फक्त... त्या मुलीला अजून विचारलेलं नाही. दोनदा निघालो, जॅस्मिन. दोनदा सोहारच्या बसस्टॉपवरूनच परत फिरलो.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर हे पत्र टाईप करू नकोस.”

मी टाईप केलं. वधूच्या जागी माझं नाव, आडनावासकट, एकही चूक न करता. मग मशीनवर दुसरा कोरा कागद चढवला.

“आता हे कशाला?” त्याने घाबरून विचारलं.

“मी अविवाहित असल्याचं पत्र. मला नको का?”