दोन हाकांचा चित्रपट

त्या चित्रपटाचे नाव मी येथे लिहिणार नाही. तेवढीही जाहिरात त्याच्या वाट्याला जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

औरंगाबादच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडल्यापासून मी चित्रगृहांची ध्वनियंत्रणा दुरुस्त करीत आलो. जालना, सिल्लोड, गंगापूर, जिथे पडदा होता तिथे मी गेलो. वाईट चित्रपट मला नवे नव्हते. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर औरंगाबादेतच गुलमंडीजवळच्या एका चित्रगृहात लागलेला हा भयपट नुसता वाईट नव्हता, लबाड होता.

झपाटलेले जंगल म्हणून त्यात सिल्लोडच्या पुढचे, अजिंठ्याच्या डोंगराकडचे रान दाखवले होते. त्या रानात सागाची पाने वाळली की माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची चाहूल लागते. असे बोलके रान हाताशी असताना या मंडळींनी धूर सोडला, मुंबईच्या स्टुडिओत बसून विलायती घुबडे घुमवली आणि पत्रा हलवून गडगडाट काढला. झाडावरच्या भुताला बांधलेली नायलॉनची दोरी शेवटच्या रांगेतूनही दिसत होती. मी पाहिला त्या खेळाला मागून कुणीतरी ओरडले, "अबे, भूत कू नीचे उतारो, चक्कर आरी उसकू!" सारे थेटर हसले. मला हसू आले नाही. हे रान माझ्या माहितीचे होते, आणि त्याची अशी विटंबना पाहून माझे डोके तापले होते.

मला बोलावले होते बद्रीनाथने, त्या चित्रगृहाच्या व्यवस्थापकाने.

"साहेब, मध्यंतरानंतरच्या रिळात काहीतरी घोटाळा आहे," तो म्हणाला. "लोक टिंगल करीत बसलेले असतात आणि तिथं एकदम गप्प होतात. श्वास ऐकू येतो म्हणतात."

"कुणाचा?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला तसदी दिली असती?"

ते दृश्य साधे होते. रानात संध्याकाळ होते. पडद्यावर कुणीही नसते. दुरून एक पुरुष हाक मारतो, "केरबाऽऽ!" थोड्या वेळाने पुन्हा, "केरबाऽऽ!" मग शांतता. साऱ्या चित्रपटात एवढाच आवाज खरा आहे, हे माझ्या कानांनी तत्काळ ओळखले. तो उघड्या हवेत घेतलेला होता. हाक डोंगराला लागून परत येत होती. मागे वाळकी पाने सरकत होती. आणि दुसऱ्या हाकेनंतर कुणीतरी श्वास आत घेतला. ओ देण्यापूर्वी माणूस घेतो, तसा. आत घेतलेला तो श्वास बाहेर आलाच नाही.

मी पद्धतशीर कामाला लागलो. यंत्र पुसले, दिवा बदलला, वायरी तपासल्या. फिल्मच्या कडेची ध्वनिपट्टी भिंगाखाली धरली. दोन हाकांच्या जागा ठळक होत्या. त्यापुढे पानांच्या सळसळीची बारीक थरथर होती, दुसरे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या दृश्याच्या आधी मी ॲम्प्लिफायर बंद केला. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावरचे रान मुके झाले. हाका आल्या नाहीत.

श्वास मात्र आला.

त्याच दुपारी चित्रपटाचा दिग्दर्शक प्रचारासाठी आला होता. मी त्याला गाठून त्या हाकांविषयी विचारले. तो खुलला.

"वा काका, बरोबर पकडलंत! एकदम ओरिजिनल आहे ते. दोन वर्षांपूर्वी शूटिंगला मेंढरं पुरवायला एक धनगर होता. शेवटच्या दिवशी चुकलेलं मेंढरू शोधायला आत गेला आणि परत येईना. आमच्या माणसानं कर्ण्यावरून हाका मारल्या, आणि नशिबानं टेप चालू होता."

"मग?"

"मग काय? दोनदा बोलावलं. ओ नाही की काही नाही. अंधार पडायला लागला होता, गाड्या काढल्या."

"तो सापडला का?"

"सापडला असेल हो. ती माणसं रानातलीच. पण इफेक्ट काय आलाय!"

माझा हात उठायचाच बाकी होता. बद्रीनाथने दंडाला धरून मला बाहेर आणले.

"त्या केरबाची बायको रोज येते," तो हळूच म्हणाला. "ती बघा."

पायरीवर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू होते. सिल्लोडकडच्या एका वस्तीवरून ती एसटीने येत असे. तिचे नाव बानाबाई.

मी शेजारी बसून विचारले, "बाई, केरबा तुमचे मालक का?"

ती खाली बघून हसली. "व्हय. तुमच्या पिच्चरवाल्यांनी त्यांचं नाव गावभर केलंय."

"त्यांनी ओ का दिली नसेल?"

"कशी देतील?" तिला माझ्या अज्ञानाचे नवल वाटले. "रानात हाक आली तर तीन झाल्याबिगर ओ देत नाय, साहेब. माणूस तीनदा हाक मारतं. ते दुसरं जे असतं ना, ते दोनदाच मारतं. ह्या मुडद्यांनी दोन मारल्या आन् गाड्या फिरवल्या. ते तिथंच हुबे हायेत. तिसरीची वाट बघत."

दोन वर्षे झाली, हे मी तिला सांगितले.

"त्यांना कुठं ठाव हाय?"

"घरच्यांनी शोधलं नाही का?"

"दिरानं सारं रान धुंडाळलं. घसा फुटस्तोर हाका मारल्या. पर त्या नव्यानं सुरू केलेल्या. ह्या दोनच्या पाठची पायजे." तिने आवाज खाली केला. "आता दीर म्हणतो, मेलेल्याला बोलवू नाय. साहेब, तुम्ही गडी माणूस. तेवढी एक मारा की. मला त्यांचं नाव घेता येत नाय."

चित्रगृहात उभे राहून ओरडणे मला जमणार नाही, असे मी म्हणालो. त्या दिग्दर्शकाला कोर्टात खेचू, मी त्याचा पत्ता मिळवतो, असेही म्हणालो.

"त्या पत्त्यावर ते हायेत व्हय?" तिने विचारले, आणि ती उठून गेली.

चित्रपट आपटला होता. शुक्रवारी दुसरा लागणार होता. ती रिळे एकदा डब्यात बंद झाली की त्या दोन हाका पुन्हा कुठे ऐकायला मिळणार, याचा तिला भरवसा नव्हता. गुरुवारच्या दुपारच्या खेळाला मी आवाज पूर्ण वाढवून ठेवला आणि तिच्या मागच्या रांगेत जाऊन बसलो. थेटरात तुरळक माणसे होती. दोरीवरचे भूत आले, गेले. एका माणसाचा जीव रानात सोडून आलेले लोक आम्हाला घुबडे ऐकवून भिववत होते.

रानात संध्याकाळ झाली.

"केरबाऽऽ!"

बानाबाईने मागे वळून माझ्याकडे पाहिले.

"केरबाऽऽ!"

श्वास आत घेतला गेला. या वेळी तो फार जवळ होता.

बानाबाई उभी राहिली. तिने डोक्यावरून पदर घेतला, डोळे मिटले, आणि लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव ओठांवर येऊ दिले नव्हते ते मोठ्याने घेतले.

"केरबाऽऽ!"

कोंडलेला श्वास सुटला.

"ओ."

आमचे कर्णे पडद्यामागे होते. हा आवाज पडद्याकडून आला नाही. तो आमच्या रांगांमधून आला, तिच्या उजव्या हाताकडून.

मागे कुणी हसायला सुरुवात केली होती. ते थांबले.

बानाबाई माझ्याकडे वळली. पडद्याच्या उजेडात तिचे तोंड राखेसारखे दिसत होते.

"साहेब," ती पुटपुटली, "ह्यो आवाज त्यांचा नाय."

"ओ," तो पुन्हा म्हणाला. आता कुणीही हाक मारली नव्हती.

त्या थेटरातल्या खुर्च्या घडीच्या होत्या. वजन पडल्याशिवाय त्यांची बैठक खाली येत नसे. तिच्या शेजारची बैठक कुरकुरत, सावकाश खाली आली.

बानाबाईने बाहेर पडण्यासाठी पाऊल उचलले आणि ती जागीच थबकली. तिचा पदर ताणला गेला होता. त्याचे टोक त्या रिकाम्या खुर्चीवर होते, आणि एखादा माणूस नकळत वर बसावा तसे ते तिथे घट्ट दाबले गेले होते.