पट्टीतला आवाज

शाळेच्या सभागृहातला जुना पियानो सुरात लावायला कानसेन दुपारीच येऊन बसला. हे टोपणनाव चिकटून तीस वर्षं झाली होती. दहा व्हायोलिनं एकच सूर वाजवू देत, कुठलं कोणाचं ते हा पाठ फिरवून सांगे. सूर तोच असला तरी प्रत्येक आवाजाचा पोत निराळा, आणि त्या पोतावर त्याचा जीव.

निम्मं काम सुरळीत झालं. मग त्यानं मधली एक पट्टी दाबली आणि हात तिथेच थबकला. सूर बरोबर होता, पण आवाज पियानोचा नव्हता. जाडसर, घोगरा, शेवटी घशात अडकणारा. हा तर शाळेच्या शिपाईमामांचा आवाज!

त्यानं झाकण उघडून आत डोकावलं. तारा, हातोड्या, सगळं जिथल्या तिथे. पुन्हा दाबली. मामाच. त्याला हसू आवरेना. मामांना हाक मारून त्यानं दहादा तरी ऐकवलं. मामाही खूश झाले, छान आहे म्हणाले. ते बोलले तेव्हा दुसरंच कोणी आलंय असं वाटून कानसेननं वळून पाहिलं. मामाच होते. पण विचार करायला उसंत कुणाला होती? बोट पुढच्या पट्टीवर गेलंसुद्धा.

ती त्याची बायको होती.

तोच ओलसर आवाज, वर जाताना पडणारी तीच बारीक चीर. आनंदानं त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं लगेच घरी फोन लावला आणि पट्टी दाबली.

“अगंबाई, ही तर मीच,” ती म्हणाली. “पुन्हा वाजवा ना.”

त्यानं वाजवली. पुन्हा. पुन्हा. दर खेपेला पट्टी अधिक भरदार होत गेली आणि फोनवरची ती अधिक पातळ. लाइन खराब असेल, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

संध्याकाळी तो जवळजवळ धावतच घरी पोचला. बायको फोन स्पीकरवर टाकून धाकट्या बहिणीला पियानोची गंमत सांगत होती. शब्द तिचे होते. हसणंही तिच्याच जागी येत होतं.

आवाज मात्र कोणाचाच नव्हता.

तो दारातच उभा राहिला.

“अगं, मी ताई बोलतेय,” बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

पलीकडून मेहुणी अनोळखी माणसाशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली,

“हो, पण तुम्ही कोण? जरा ताईला देता का फोन?”